घरातले विमान आणि खरेपणाची पट्टी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही विमानांच्या खेळाकडे कधीपासून वळलात? वळलो नाही. तिथेच आहोत. कसे ते सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या नातवाने त्याच्या जुन्या संगणकावर आम्हाला सेसना १७२ हे छोटे विमान उतरवायला बसवले. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, २००६ सालचा. धावपट्टी जवळ आली की आम्ही जॉयस्टिक थोडी मागे ओढायचो, नाक भसकन वर जायचे, आणि विमान चेंडूसारखे टप्पे घेत पुढे जायचे. चार-पाच वेळा झाल्यावर नातू म्हणाला, "थांबा आजोबा." त्याने विमानाच्या फोल्डरमधली एक साधी मजकुराची फाइल उघडली. तिच्यात एलिव्हेटरच्या परिणामकारकतेचा आकडा १.० असा लिहिलेला होता. तो त्याने ०.७ केला, फाइल साठवली, आणि म्हणाला, "आता उतरेल." आणि उतरले की हो!

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. उतरले ते विमान सेसना होते का? की सेसना मघाचीच, टप्पे खाणारी, आणि ही आमच्या सोयीची कुणी दुसरीच? आम्ही आयुष्यभर वर्गात विद्यार्थ्यांना जे विचारत आलो, तेच इथे एक पंधरा वर्षांचा मुलगा नोटपॅड उघडून ठरवत होता. तेव्हापासून आम्ही या विषयाचा इतिहास वाचतो आहोत.

इतिहास सुरू होतो तो संगणकापासून नव्हे, तर बाजाच्या भात्यापासून. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या कारखान्यात काम करत होता. तिथे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनत. लिंकला विमान चालवायचा नाद होता, पण तेव्हा तो छंद फार महाग. मग त्याने ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवा ओढणारा पंप घेऊन एक लाकडी खोके तयार केले. आखूड पंख, आखूड शेपूट, आत एक खुर्ची. दांडा हलवला की भाते फुगत-मिटत आणि खोके कलत-वळत असे. साल १९२९. विमानशाळांनी फारसा रस दाखवला नाही. सुरुवातीची खोकी जत्रेच्या मैदानांवर करमणुकीसाठी गेली.

पुढे १९३४ साली अमेरिकन सरकारने खाजगी कंपन्यांची टपालाची कंत्राटे रद्द करून हवाई टपाल सैन्याच्या वैमानिकांकडे सोपवले. हिवाळा, धुके, रात्र. या वैमानिकांना बाहेर बघून उडवायची सवय. नुसत्या यंत्रांच्या तबकड्या बघून उडवण्याचा सराव जवळपास नव्हता. काही आठवड्यांत अपघातांमागून अपघात झाले, डझनभर वैमानिक गेले. लिंकला भेटायला सैन्याचे अधिकारी नेवार्कच्या विमानतळावर आले, तर तिथे इतके धुके की आज कोण येतोय, म्हणून ते परत निघाले होते. एवढ्यात त्या धुक्यातून लिंकचे विमान खाली उतरले. तबकड्या बघून तो आला होता. सैन्याने त्याची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे बनली आणि लाखो वैमानिक त्यांत बसून शिकले.

आता इथे जरा थांबू या. त्या निळ्या खोक्याचे साम्य कशाशी होते? बाहेरून ते लहान मुलांच्या जत्रेतल्या विमानासारखे दिसे. वर झाकण पडले की आत अंधार; खिडकीतून दिसणारी जमीन नाही, ढग नाहीत. शेजारच्या टेबलावर प्रशिक्षक बसे, आणि नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र शिकाऊ वैमानिकाचा मार्ग शाईने काढत जाई. त्याला 'खेकडा' म्हणत. देखाव्याच्या दृष्टीने पाहिले तर खरेपणा शून्य. पण एक गोष्ट ते नेमकी शिकवत होते: तुझे शरीर सांगते त्यावर विश्वास ठेवू नकोस, तबकडी बघ. एवढ्या एका साम्यावर माणसे वाचली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधला काळ भरभर सांगतो. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने १९७५ साली आपल्या प्रबंधात दाखवले, की उडत्या विमानातून दिसणारे दृश्य छोट्या संगणकावर रेषांनी काढता येते. मग सबलॉजिक ही कंपनी, ॲपल टू संगणकावरचा पहिला खेळ, आणि १९८२ साली आयबीएमच्या पीसीसाठी मायक्रोसॉफ्टने काढलेली आवृत्ती. (गंमत अशी, की एखादा संगणक आयबीएमशी खरोखर जुळतो का हे तपासायला लोक हाच खेळ लावून बघत. खोट्या विमानावरून खऱ्या यंत्राची परीक्षा!) विमान मिळायचे एकच, आणि उडायचे ते शिकागोच्या मेग्ज फील्डवरून. वेगळ्या डिस्कवर मिळायचे ते नवे प्रदेश, नवी विमाने नव्हेत. विमान आपल्या मनासारखे बनवण्याची सोय सामान्य वापरणाऱ्याच्या हाती आली ती चौथ्या आवृत्तीच्या सुमारास, 'एअरक्राफ्ट अँड सीनरी डिझायनर' या जोड-डिस्कमुळे. आणि खरा पूर आला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस.

त्या पुराचे कारण तांत्रिक आहे आणि फार साधे आहे. विमान म्हणजे एक फोल्डर. त्यात पोटफोल्डर: एकात आकार, एकात कॉकपिटची पाटी, एकात आवाज, एकात रंगाची चित्रे. आणि या सगळ्यांना बांधणारी ती मजकुराची फाइल, एअरक्राफ्ट डॉट सीएफजी. कुलूप नाही, किल्ली नाही. रंगाचे नवे फोल्डर टाका, फाइलमध्ये चार ओळी वाढवा, की तेच विमान दुसऱ्या कंपनीचे. एकाने बनवलेला आकार, दुसऱ्याने दिलेला रंग, तिसऱ्याचा आवाज, चौथ्याची कॉकपिट. आणि हे सगळे घरी बसून जुळवणारा पाचवा. गोधडीच म्हणा ना. बहुतेक लोक हे फुकट करत. सोबत एक टिपण ठेवत, की वापरा, पण विकू नका.

या रंगवणाऱ्यांबद्दल आम्हाला विशेष आदर वाटतो. एअर इंडियाच्या बोइंग ७४७ विमानांना प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची लाल महिरप असायची, आठवते ना? आता ती एकेक महिरप चित्रात काढायची, विमानाच्या गोल अंगावर वाकडी दिसू नये म्हणून सरकवायची, नोंदणीचा क्रमांक त्या विशिष्ट विमानाचाच आहे का ते जुन्या छायाचित्रांवरून तपासायचे, आणि नाव लिहायचे, कारण त्या प्रत्येक विमानाला एका सम्राटाचे नाव होते. हे काम आम्ही तरी इतिहासाच्या साधनांचे संपादन मानतो. पगार नाही, पदवी नाही, आणि चूक दाखवणारे मात्र शेकडो.

पण रंग वरवरचा. विमान उडते कसे, याच्या खरेपणाचे काय? इथे दोन संप्रदाय पडले, आणि आमच्यासारख्याला ते फार ओळखीचे वाटले.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीत विमानाचे वागणे आकड्यांच्या कोष्टकांत भरलेले असे: इतक्या कोनाला इतकी उचल, इतक्या वेगाला इतका अडथळा. खऱ्या विमानाच्या चाचण्यांत जे दिसले ते कोष्टकात लिहा, का ते विचारू नका. हा अनुभववाद. दुसरीकडे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या ऑस्टिन मेयर यांनी नव्वदच्या दशकात एक्स-प्लेन हा सिम्युलेटर काढला. त्यात तुम्ही विमानाचा फक्त आकार द्यायचा. पंखाची लांबी, जाडी, छेद. संगणक पंखाचे लहान लहान तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती हे दर सेकंदाला अनेकदा मोजतो, बेरीज करतो, आणि विमान जसे उडेल तसे उडते. याच्यासोबत प्लेन मेकर नावाचे साधन मिळते. कुणी त्यात कधीच न बनलेले विमान रेखाटले तर तेही उडते, किंवा कोसळते. हा बुद्धिवाद. मूलतत्त्वांपासून निघा, निष्कर्ष आपोआप येईल.

आम्ही आधी अर्थातच दुसऱ्या पंथाकडे झुकलो. वयाचा परिणाम असेल. पण हळूहळू लक्षात आले, की कोष्टकवाल्याला निदान ज्या जागी मोजले तिथे तरी खात्री असते; मोजलेल्या दोन जागांच्या पलीकडे, म्हणजे विमान गिरकी घेत पडू लागले की, त्याचे कोष्टक संपते. तुकडेवाल्याचे विमान तिथेही काहीतरी करते, फक्त ते बरोबर आहे की नाही हे कळायला शेवटी खऱ्या विमानाची पुस्तिकाच उघडावी लागते. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत पूर्ण फ्लॅप सोडल्यावरचा स्टॉलचा वेग सुमारे ४० नॉट आहे. तुमचे ५५ ला पडले, तर तत्त्व कितीही शुद्ध असो, आकडा फिरवावाच लागतो. म्हणजे दोघेही त्याच विहिरीवर पाणी भरायला येतात.

आणि आता नातवाच्या ०.७ कडे. हा आकडा आम्हाला बरेच दिवस लबाडीचा वाटत होता. मग आम्ही एका निवृत्त वैमानिक स्नेह्यांना विचारले. मोठी विमाने चालवलेला माणूस, पण सुरुवात सगळ्यांसारखीच सेसनावर. त्यांनी घरी येऊन जॉयस्टिक हातात घेतली आणि हसले. म्हणाले, "सर, खऱ्या सेसनाचा योक वीतभर मागे येतो. ही काडी दोन बोटं हलते. दोन बोटांत तुम्ही वीतभराचा हुकूम देताय, मग विमान उसळणार नाही तर काय?" म्हणजे १.० हा आकडा पंखाच्या दृष्टीने खरा असेल, पण आमच्या टेबलावरची ती काडी धरली तर तो खोटा होता. ०.७ ने पंख खोटा केला आणि हात खरा केला.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती याहून खोल आहे. खऱ्या विमानात नाक वर धरून ठेवायला हाताला जोर लागतो. मग ट्रिमचे चाक फिरवत गेले की तो जोर कमी कमी होत नाहीसा होतो. हात आहे तिथेच राहतो, फक्त ओझे जाते. घरच्या काडीला मात्र स्प्रिंग आहे. ती कायम मध्याकडेच ओढते. ट्रिम केले तरी स्प्रिंगला त्याचे काय? मग इथे ट्रिम करत करत हात मध्यावर परत आणावा लागतो. ज्याने हे घरी शिकले, तो खऱ्या विमानात बसल्यावर हात उगाच सोडून देतो. आता सांगा, हजारो रुपयांचे ॲड-ऑन विमान घेतले, त्याच्या पंखाचा प्रत्येक तुकडा अचूक आहे. पण ही चूक कुठल्या फाइलमध्ये दुरुस्त करणार? ती फाइलमध्ये नाहीच. ती टेबलावर आहे.

म्हणून खरेपणा हा विमानाचा गुण आहे असे म्हणणे आम्ही सोडून दिले. विमान, काडी, पडदा, खुर्ची आणि बसणारा, एवढ्यांचा मिळून तो होतो. एफएसएक्समध्ये तर खरेपणाच्या पट्ट्याच होत्या: पंख्याच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढले जाते त्याची एक पट्टी, जायरोची एक, अपघात सोसण्याची एक. डावीकडे 'सोपे', उजवीकडे 'वास्तव'. ॲड-ऑन बनवणारे लिहीत, की आमचे विमान घेतलेत तर सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकवा, नाहीतर ते नीट वागणार नाही. वास्तव एका टोकाला आणि सोय दुसऱ्या टोकाला, हे चित्र तिथूनच लोकांच्या डोक्यात बसले. जे अवघड ते खरे! आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत टिकाऊ गैरसमज आहे. खरे विमान पुष्कळदा घरच्यापेक्षा सोपे असते, कारण तिथे पार्श्वभागाला आणि हाताला सगळे कळते.

पण अवघडाचे आकर्षण जबरदस्त. २००० नंतर ॲड-ऑनची स्पर्धा उडण्यावरून यंत्रणांवर गेली. पीएमडीजीसारख्या कंपन्यांनी ७३७ आणि ७४७ अशी बनवली, की कॉकपिटमधले जवळपास प्रत्येक बटण काही ना काही खरे काम करते. अंधाऱ्या, थंड विमानात शिरायचे, बॅटरी लावायची, दिशा सांगणारी जडत्व-यंत्रणा स्थिर होईपर्यंत कित्येक मिनिटे थांबायचे. अशा काही विमानांत एक पर्याय असतो, की ही वाट खरी तेवढीच बघायची, की लवकर आटपायची, की लगेच. आमच्या नातवाने 'लगेच' निवडले होते. आम्ही गुपचूप 'खरी' केली, आणि खुर्चीत डुलकी लागली.

याच विमानांत आम्हाला एक सुंदर गोष्ट सापडली. ७३७ मध्ये वैमानिकाला वाट दाखवणारी खूण दोन तऱ्हांची मिळते: काही कंपन्या आडवी-उभी फुली मागवतात, काही पंखासारखी वाकडी पट्टी. पडद्याची मांडणी, काही बटणे, असे कितीतरी पर्याय कारखान्यातच निवडले जातात. ॲड-ऑनमध्येही प्रत्येक रंगाला, म्हणजे प्रत्येक नोंदणी क्रमांकाला, हे वेगवेगळे लावून ठेवता येते. म्हणजे बघा, आधी वाटले होते की खरेपणा एका बाजूला आणि मनासारखे बदलणे दुसऱ्या बाजूला. इथे बदलल्याशिवाय खरेपणाच येत नाही! कारण 'सर्वसाधारण ७३७' नावाचे विमान कुठल्याच विमानतळावर उभे नाही. उभी असतात ती ही, ती, आणि पलीकडची. जाती आणि व्यक्ती हा आपल्याकडचा जुना वाद; तो शिकवताना आम्ही गाय-घोड्यांची उदाहरणे देत आलो. आता देत असतो तर ७३७ चे दिले असते.

गाईवरून आठवले. नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. उपमानाचे उदाहरण ठरलेले आहे. ज्याने गवय हा रानातला पशू पाहिलेला नाही, त्याला कुणी सांगतो की गवय गाईसारखा असतो. तो रानात जातो, तसा प्राणी दिसतो, आणि 'हाच गवय' असे त्याला कळते. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी हे वेगळे प्रमाण मानले नाही, पण आम्हाला वाटते घरचा सिम्युलेटर नेमका हेच करतो. एखादा मुलगा पहिल्यांदा खऱ्या कॉकपिटमध्ये बसतो आणि कुठले बटण कशाचे हे त्याला आधीच ठाऊक असते. साम्यातून आलेले हे ज्ञान आहे, आणि ते खोटे नाही. अडचण एकच: गवय गाईसारखा आहे, पण कशाकशात, हे सांगणाऱ्याने सांगितलेले नसते. त्याच्या गळ्याला गाईसारखी पोळी नसते म्हणे. जो पोळी शोधत रानात गेला त्याला गवय सापडायचा नाही.

हे नुसते शाब्दिक वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. तो आपल्या मुंबईचाच आहे.

१९७८ सालची १ जानेवारी, रात्र. एअर इंडियाचे पहिले ७४७, 'सम्राट अशोक', सांताक्रूझहून दुबईला निघाले. समुद्रावर आले, उजवीकडे वळले, आणि सरळ झाले. पण कॅप्टनसमोरची विमानाचा कल दाखवणारी तबकडी अजून उजवीकडेच कललेले दाखवत राहिली. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. कॅप्टनने ते दुरुस्त करायला विमान डावीकडे, आणखी डावीकडे घातले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. सहवैमानिकासमोर वेगळी तबकडी होती, मध्ये एक राखीवही होती. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा, की तबकडी बिघडल्यावर विमानाची स्थिती कॅप्टनच्या ध्यानात आली नाही आणि इतर साधनांशी मेळ घालून ती ओळखली गेली नाही.

आता लिंकचे निळे खोके आठवा. शरीरावर विश्वास ठेवू नका, तबकडीवर ठेवा, हे त्याने शिकवले. आणि इथे तबकडीच खोटे बोलली. प्रमाणांचा संघर्ष म्हणतात तो हा. कुठले प्रमाण कधी सोडायचे, हे ठरवायला काही सेकंद.

आज घरच्या चांगल्या ॲड-ऑनमध्ये बिघाडांची यादी असते. तबकडी बंद पडणे, इंजिनाला आग, काय हवे ते, हव्या त्या मिनिटाला. काही विमानांत, ए-टू-ए या कंपनीची ॲक्यु-सिम पद्धत त्यासाठी नावाजलेली आहे, तुम्ही काल इंजिन तापवले असेल तर आज ते कुरकुरते. विमान तुमची निष्काळजी लक्षात ठेवते. आम्हाला वाटले, मग तो प्रसंग घरी करून बघता येईल. स्नेही आले होतेच. रात्र लावली, समुद्र लावला, कल दाखवणारी तबकडी बिघडवली. आम्ही शेजारची तबकडी बघून विमान अगदी सरळ ठेवले. मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे वळलो.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, तुम्हाला तबकडीनं नाही वाचवलं. खुर्चीनं वाचवलं. तुमची खुर्ची हललेली नाही. तिथे कान, पोट, मान, सगळं ओरडून वेगळंच सांगत असतं. इथे तुम्हाला कुणी फसवतच नाहीये."

आम्ही यावर खूप विचार केला. पडद्यातली दोन चित्रे वेगळी दिसली, आम्ही जुळणारी निवडली. हा गणिताचा प्रश्न होता, भीतीचा नव्हे. म्हणजे भात्यांच्या त्या लाकडी खोक्यात जे साम्य होते, शरीर आणि तबकडी यांच्यातल्या भांडणाचे, तेच आमच्या महागड्या, झरोक्यांसकट रंगवलेल्या ७४७ मध्ये नव्हते. आणि विमानशास्त्राच्या खात्याला हे ठाऊक आहे. अमेरिकेतही नुसत्या घरच्या सॉफ्टवेअरवरचे तास वैमानिकाच्या वहीत धरत नाहीत, मान्यता मिळालेली सामग्री लागते.

एक गोष्ट राहिली, ती थोडक्यात. हे सगळे टिकते कसे? २००९ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर बनवणारा आपला विभागच बंद केला, आणि लोक पुढची दहा वर्षे त्या जुन्या पायावर नवी विमाने रचत राहिले. पाया ३२ बिटांचा, त्याला ४ गिगाबाइटपुढे स्मृती वापरता येत नव्हती. सूक्ष्म विमान आणि सूक्ष्म विमानतळ एकत्र आले, की आठ तासांच्या प्रवासानंतर नेमके उतरताना सगळे बंद पडायचे. अति खरेपणाने मरण! लॉकहीड मार्टिनने त्याच पायावरचा प्रीपार थ्रीडी २०१७ मध्ये ६४ बिटांचा केला, तर जुन्या कॉकपिटमधल्या कित्येक तबकड्या त्यात चालेनाशा झाल्या. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा आला, बोर्दोच्या असोबो स्टुडिओने केलेला. पुन्हा सगळे नव्याने. त्यातल्या एअरबससाठी फ्लायबायवायर या गटाने खुला, विनामूल्य बदल केला, तो बघा जरूर. पण ज्यांनी वीस वर्षांपूर्वी रात्री जागून महिरपी काढल्या, त्यांची विमाने जुन्या डिस्कवरच आहेत. त्यांच्याकडे साधन म्हणून बघणारे आम्हाला अजून फारसे कुणी भेटलेले नाही. मेग्ज फील्डची धावपट्टी २००३ साली एका रात्रीत बुलडोझरने उखडली गेली. ती आता जुन्या आवृत्त्यांतच सापडते.

हो, त्या रात्रीचे पुढचे सांगायचे राहिले. स्नेह्यांनी बिघाडांची यादी बंद करायला लावली आणि नातवाला विचारले, "काय रे, हाँगकाँगचा जुना काई ताक आहे का तुझ्याकडे?" तो विमानतळ १९९८ साली बंद झाला. टेकडीवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकटीकडे रोखून यायचे, आणि अगदी शेवटी इमारतींच्या माथ्यांवरून उजवीकडे वळून उतरायचे. नातवाकडे तो होता. कुणीतरी फुकट बनवलेला. पहिल्या खेपेला ते लांब गेले, दुसऱ्या खेपेला धावपट्टीच्या बाजूला. मग त्यांनी नातवाला ती फाइल उघडायला सांगितली, आणि दोघे मिळून आकडे बघू लागले. आम्ही चहा टाकायला आत गेलो. बाहेरून आवाज येत होता, "०.८ करून बघ. नाही, अजून थोडं कमी."